दहातले नऊ

सिओरापालुकच्या शाळेत
मास्तरांनी फळ्यावर डोंगर काढला.
तळाशी शेवाळ, त्यावर समुद्रातले लाल किडे,
त्यावर पक्षी, शेंड्यावर एकटा कोल्हा.
म्हणाले, दर पायरीला
दहातला एकच हिस्सा वर चढतो.
इवालुने ते वहीत उतरवून घेतलं, रेघा पट्टीने.

तुकुम्मेक आत्या जाळ्याची उसवलेली वीण सांधत होती.
वहीकडे बघून म्हणाली,
"आणि उरलेले नऊ?
ते कोणाच्या ताटात?"

मास्तरांचं तेवढंच सांगायचं राहिलं होतं.
घंटा झाली होती.

जूनमधल्या एका रात्री
(रात्र म्हणायची ती घड्याळाचा मान राखून,
ऊन चोवीस तास ठिय्या देऊन बसलेलं)
दोघी दरडीवर गेल्या, दगडांच्या आडोशाला.
आधी आवाज आला,
खडखडता, हसऱ्या भांडणासारखा.
मग पाखरं.
आप्पालिआर्सुक म्हणतात त्यांना इथे,
मूठभर जीव, पाठ काळी, पोट पांढरं,
पन्नास मैलांवरचा समुद्र गळ्याच्या पिशवीत भरून आणलेला.

आत्याने लांब दांड्याचं जाळं आभाळात असं फिरवलं
जसं उतू जाणारं दूध कोणी डावाने सावरावं.

एक पाखरू तिच्या हातात.
अंगठा बरगडीखाली, काळजावर, थोडा वेळ.
ते ओरडलं नाही.
आत्याही काही बोलली नाही.

मग तिने गळा दाबला, लाल लगदा तळहातावर घेतला.
कण्यांएवढे किडे,
प्रत्येकाच्या पोटात तेलाचा एक थेंब,
थेंबात एप्रिलचं ऊन,
जे बर्फाच्या पोटाला चिकटलेल्या शेवाळाने
आधी चाटून घेतलं होतं.
"ही तुझी दुसरी पायरी," ती म्हणाली,
"हल्ली फिकट येते.
पाणी कोमटलं, तसे किडेही रोडावले.
पाखरांना लांब जावं लागतं, आणि आणतात ते कमीच."

इवालुने हातमोजे काढले.
पाखरू हातात घेतलं,
आणि थिजलेली बोटं एकदम ठणकायला लागली,
इतकी ऊब त्या एवढ्याशा छातीत.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली.
मग म्हणाली, "आत्या, नऊ इथे आहेत."
"मग घट्ट धर," आत्या म्हणाली,
"गार होतायत."

खाली उतरताना तिने नीट पाहिलं.
जिथे पाखरांची विष्ठा पडते तिथेच दरड हिरवी,
हिरव्यात ससा,
सशावर डोळा ठेवून कोल्हा,
आणि त्याच कोल्ह्याने आताच
आत्याच्या पोत्यातलं एक पाखरू पळवलेलं.
शेंड्यावर कोणी नव्हतंच.
आत्या जाळं खांद्यावर टाकून चालत होती.
सांधलेली गाठ शेजारच्या चार गाठींना
घट्ट ओढून बसली होती.

इवालुने वहीतला डोंगर खोडला नाही.
प्रत्येक पायरीच्या कडेला
पेन्सिलीने बारीक वाफ काढली, आभाळाकडे जाणारी.
मास्तरांनी विचारलं, हे काय?
ती म्हणाली, उड्डाण. आणि ओरडणं.
आणि अंडं उबवणं.
त्यांनी बरोबरची खूण केली नाही,
चूक अशीही केली नाही.

जानेवारीत सूर्य नव्हता.
पानिंग्वाकच्या वाढदिवसाला
दगडांखाली पुरलेलं सीलचं कातडं उकरून आणलं,
आत शिवून ठेवलेली चारशे पाखरं, मुरलेली.
वासाने कुत्री साखळ्या ताणू लागली.
वीस माणसं एका खोलीत,
ओठांना जूनचं तेल, गालांना लाली,
काचेवर सगळ्यांच्या श्वासांचं एकच धुकं.

कोणीतरी उशिरा आलं, दार उघडंच ठेवलं.
खोलीतली वाफ भसकन बाहेर,
काळोखात, ताऱ्यांच्या दिशेने.

आत्या तोंडात घास असतानाच ओरडली,
"अरे दार लाव!
नऊ चालले बाहेर!"